अवकाळीचा महिना : पथारीपासून दस्तरख्वानापर्यंत

हिवाळ्यात नंदुरबार शहराबाहेर पडले की रस्त्याच्या कडेची मोकळी जमीन लाल दिसू लागते. परगावच्या पाहुण्याला ती लाल माती वाटते. जवळ गेल्यावर नाकात ठसका बसतो आणि मग कळते, की ही वाळत घातलेली मिरची आहे. या मोकळ्या खळ्यांना आमच्याकडे पथारी म्हणतात. गुंटूरनंतर देशातील मोठी मिरची बाजारपेठ म्हणून नंदुरबारचे नाव घेतले जाते, ते या पथारींच्या जोरावर. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचा लिलाव होतो, व्यापारी ती पथारीवर पसरवतात, ऊन तिला वाळवते आणि बाया तिचे देठ खुडतात. या साऱ्या व्यवहारात भांडवल व्यापाऱ्याचे, माल शेतकऱ्याचा, हात मजुरांचे. पण ऊन मात्र अल्लाहने फुकट दिलेले असते. त्यामुळे त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडायची वेळ यंदाच्या, म्हणजे २०२३ च्या मार्च महिन्याने आणली.

हा लेख लिहीत असताना रमजानचा दुसरा अशरा चालू आहे. गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्यात आभाळाने जे रंग दाखवले, त्याची थोडीबहुत बातमी आपण वाचली असेल. बातमीत हेक्टर येतात आणि पिकांची नावे येतात. जे बातमीत आले नाही, त्याविषयी आम्हाला वाचक बंधू-भगिनींशी बोलायचे आहे.

महिना कसा गेला

सुरुवात उन्हानेच झाली होती. यंदाचा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, असे हवामान खात्याने कमाल तापमानाच्या सरासरीवरून सांगितले. आमच्याकडे तर फेब्रुवारीतच पंखे लागले. आदल्या वर्षी, २०२२ चा मार्चही असाच १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण मार्च होता. त्यामुळे यंदा मार्च आणखी तापणार, या हिशेबाने सगळे बसले होते.

झाले उलटेच. ४ मार्चपासून आभाळ भरून आले. ६ तारखेला होळी, ७ ला धुळवड आणि त्याच रात्री शब-ए-बरात. सातपुड्याच्या पाड्यांवर होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी पाहायला तर दूरदूरहून लोक येतात. एकीकडे होळीची गडबड, दुसरीकडे कब्रस्तानात झाडलोट आणि दिवाबत्तीची तयारी, अशा ऐन वेळी वादळी वारा आणि पाऊस आला. ८ मार्चपर्यंत हे चालू राहिले. जिल्ह्याच्या काही भागांत गाराही पडल्या.

त्या वेळी मुंबईत विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होते. सरकारने सभागृहात प्राथमिक आकडे दिले. राज्यातील आठ जिल्ह्यांत १३,७२९ हेक्टरवरील पिकांचे नुकसान झाले होते. त्यात नंदुरबारचे १,५७६ हेक्टर आणि शेजारच्या धुळ्याचे ३,१४४ हेक्टर होते. आमच्याकडे गहू, हरभरा, मका, केळी, पपई आणि आंबा यांना फटका बसला.

शेतकरी सावरत होता, तोच महिन्याच्या मध्याला दुसरा फेरा आला. या वेळी राज्यातील नुकसानीचा आकडा एक लाख हेक्टरच्या वर गेला. योगायोग असा, की १४ ते २० मार्च या काळात जुन्या पेन्शनसाठी राज्यातील सरकारी कर्मचारी संपावर होते. पंचनामा करतात ते तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. तेच संपावर असल्याने आडवा पडलेला गहू शेतात तसाच पंचनाम्याची वाट पाहत राहिला. कर्मचाऱ्यांची मागणी त्यांच्या जागी, शेतकऱ्याची निकडही त्याच्या जागी. पण भिजलेले पीक संप मिटेपर्यंत थांबत नाही. कापावे तर पुरावा जातो, न कापावे तर उरलेसुरले दाणेही जातात.

२४ मार्चला पहिला रोजा झाला. शाबान सुरू झाला तेव्हा ज्या घरांत पीक उभे होते, त्यातील कित्येक घरांत रमजानचा चाँद दिसला तेव्हा हिशेबाची वही उघडायची हिंमत नव्हती.

हे आभाळ आले कुठून?

आमच्या घरी मुलांनी विचारले, की उन्हाळ्यात पाऊस आणि तोही बर्फाचा, हे कसे? प्रश्न बरोबर आहे. भूमध्य समुद्राकडून थंड हवेचे झोत उंचावरून पूर्वेकडे सरकत येतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलला बर्फ आणि पंजाबच्या गव्हाला पाऊस देतात ते हेच. कधी कधी त्यांचा परिणाम खाली गुजरात आणि खानदेशापर्यंत पोहोचतो. त्याच वेळी अरबी समुद्रावरून ओलसर वारे आले आणि खाली जमीन तापलेली असली, की गरम ओली हवा वेगाने वर चढते आणि उंच ढग तयार होतात. ढगाच्या आत थेंब वर-खाली फेकले जातात, गोठतात, त्यांवर थरावर थर चढतात आणि गारा तयार होतात. जून-जुलैमध्ये पाऊस पुष्कळ, पण गारा क्वचित. कारण तेव्हा वरची हवाही उबदार असते आणि गार जमिनीवर येईपर्यंत विरघळते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वर गारठा आणि खाली ऊन असते, म्हणून गारांचा धोकाही याच दिवसांत जास्त.

आणि नेमके हेच दिवस आमच्या जिल्ह्यात सर्व काही उघड्यावर असण्याचे. गहू कापणीला आलेला, तापीकाठची दादर ज्वारी कणसांत भरलेली, हरभरा खळ्यात, मिरची पथारीवर, आंब्याला मोहोर आणि बारीक कैऱ्या, कच्च्या विटा भट्टीजवळ रचलेल्या.

पथारीवर काय होते

भिजलेली मिरची पुन्हा वाळवता येते, मग नुकसान ते कसले, असे शहरातल्या माणसाला वाटते. तसे ते नसते. ओली मिरची पूर्ण वाळली की तिच्या वजनाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा उरतो. व्यापाऱ्याने पैसे मोजलेले असतात ओल्या वजनाचे. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर पाणी पडले, की तिचा लाल रंग उडतो आणि पांढरट डाग पडतात. अशा मिरचीला बाजारात फटकी म्हणतात आणि तिचा भाव निम्म्याहून खाली येऊ शकतो. ढीग ताडपत्रीखाली झाकला तर आत वाफ कोंडते आणि बुरशी धरते. उघडा ठेवला तर पाऊस. म्हणजे वारा सुटला की झाकायचे, ऊन पडले की उघडायचे, खालीवर करायचे, पुन्हा झाकायचे. यंदाच्या मार्चमध्ये पथारीवरच्या माणसांचे दिवस असे गेले.

आता पथारीवरच्या बाईकडे पाहू. आमच्या मोहल्ल्यातील कितीतरी आपा, खाला आणि शेजारच्या आदिवासी वस्तीतील बहिणी तिथे एकाच ताडपत्रीच्या सावलीत बसून देठ खुडतात. हाताची आग होते, डोळे चुरचुरतात, डोक्यावरचा पदर नाकावर घट्ट बांधलेला असतो. मजुरी खुडलेल्या वजनावर. मिरची वाळलेली नसेल तर खुडायला काही नाही, आणि खुडायला नाही त्या दिवशी मजुरी नाही. मार्च हा हंगामाच्या अखेरचा महिना. याच दिवसांतल्या कमाईवर रमजानचे राशन, मुलांचे ईदचे कपडे आणि शाळेची राहिलेली फी यांचा हिशेब बसवलेला असतो. पावसाचे आठ-दहा दिवस गेले, की तो हिशेब कोलमडतो. कोणी दुकानदाराकडे उधारी वाढवते, कोणी मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेते. उचल घेतली की पुढच्या वर्षी मजुरी ठरवताना तोंड उघडता येत नाही.

डोंगरावर महू, ओट्यावर कैरी

शहरातून उत्तरेकडे तापी ओलांडून शहादा, तळोद्याच्या पुढे गेले की सातपुडा सुरू होतो. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात मार्च-एप्रिल म्हणजे महूचे दिवस. पहाटे महूची फुले टपटप गळतात. उजाडण्याआधी आई-लेकरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ही फुले वाळवून ठेवली जातात. ती घरात खायला कामी येतात आणि अडीनडीला विकताही येतात. पावसाने फूल ओल्या मातीत पडले की कुजते. वादळाने कळ्याच झडल्या तर त्या वर्षीचे उत्पन्न तिथेच संपते.

तसाच आमचूर. डोंगरातील गावठी आंब्याच्या कैऱ्या सोलून, चिरून, खडकावर आणि अंगणात वाळवल्या जातात. धडगावच्या बाजारातून हा आमचूर दूरवर जातो. आपल्या चाट मसाल्यात आणि आलूच्या भाजीत जी आंबट चव येते, तिच्यामागे या डोंगरातील बाईची मेहनत असू शकते. पांढरा स्वच्छ आमचूर असेल तर चांगला भाव मिळतो. वाळताना भिजून काळा पडला तर भाव कोसळतो. यंदा मोहोर आणि बारीक कैऱ्या वाऱ्यानेच गळाल्या. त्याचा परिणाम मार्चमध्ये नाही, मे महिन्यात दिसेल.

पंचनाम्यात कोण येते, कोण राहते

मदतीचे नियम समजून घेणे प्रत्येक घराला उपयोगाचे आहे. शेतीपिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झाले असेल तरच मदत मिळते. २७ मार्च २०२३ ला राज्य सरकारने काढलेल्या आदेशानुसार जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकाला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक फळपिकाला २२,५०० रुपये असा दर होता, तोही दोन हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे एक एकर जिरायत शेती पूर्ण गेली तरी साडेतीन हजारांच्या आतच रक्कम होत होती. ५ एप्रिलला मंत्रिमंडळाने सततच्या पावसालाही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. २०२३ च्या अर्थसंकल्पात एक रुपयात पीक विमा देण्याची घोषणाही झाली होती.  विमा काढलेला असेल तर नुकसानीची माहिती २०२३ मध्ये ७२ तासांत कळवावी लागत होती; आताचा नियम मात्र आजच विचारून घ्या. घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी एवढे एक काम केले तरी मोठे पुण्य आहे.

पण ही सारी मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. दुसऱ्याची जमीन बटाईने करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. बियाणे त्याचे, घाम त्याचा, आणि मदत आली तर ती मालकाच्या खात्यात. वनहक्काचा दावा अजून मंजूर न झालेला आदिवासी शेतकरी पिढ्यान् पिढ्या तीच जमीन कसतो, पण कागद दाखवू शकत नाही. पथारीवरची मिरची शेतातून निघाली म्हणजे ती पीक राहत नाही, माल होते. तिला पिकाची मदत नाही. महूचे झाड जंगलातले, त्याचा पंचनामा कोण करणार? वीटभट्टीवर हजार विटांमागे मजुरी घेणाऱ्या जोडप्याच्या कच्च्या विटा पावसात पुन्हा चिखल झाल्या, तर ती मेहनत कोणत्या रकान्यात लिहायची? आणि देठ खुडणाऱ्या आपाचे तर काही बुडालेच नाही, असे कागद म्हणतो; कारण तिच्या मालकीचे काही नव्हतेच.

आम्ही सरकारला दोष देऊन थांबणार नाही. यासाठी नियम बदलावे लागतील आणि ती मागणी सर्वांनी मिळून करावी लागेल. पण नियम बदलेपर्यंत ज्यांची नोंद कोठेच नाही, त्यांना ओळखण्याचे काम शेजाऱ्याचे आहे. तलाठ्याला जे दिसत नाही ते शेजाऱ्याला दिसते.

आपल्या घरात काय काळजी घ्यावी

याच दिवसांत आपल्या घराघरांत वर्षाचे तिखट होते. यंदा मिरची घेताना जरा पाहून घ्या. चांगली वाळलेली मिरची हातात हलवली की आत बिया खुळखुळतात, मोडली की कडकन मोडते. मऊ लागत असेल, कुबट वास येत असेल तर घेऊ नका. दोन-चार मिरच्या मोडून आत काळी-करडी बुरशी आहे का ते पाहा. नुसता रंग फिका असेल तर ती मिरची खायला वाईट नसते. दिसायला कमी, पण भाव परवडणारा. अशी स्वच्छ, बुरशी नसलेली फिकी मिरची रास्त भावाने घेतली तर विकणाऱ्याचेही दोन पैसे सुटतात. बुरशी लागलेली मात्र स्वस्त मिळाली तरी नको. त्या बुरशीचे विष यकृताला अपाय करते, आणि मिरची भाजल्याने किंवा तळल्याने ते पुरेसे जात नाही. काळे डाग पडलेला गहूही असाच निवडून, दोन-तीन कडक उन्हे दाखवूनच भरावा. ओलसर धान्य कोठीत गेले की बाकीचेही नासते.

तब्येतीचे म्हणाल तर दुपारी ऊन, संध्याकाळी गार वारा, रात्री डास असे हवामान. मार्चमध्ये देशभर एच३एन२ या फ्लूच्या तापाने आणि दिवसेंदिवस न थांबणाऱ्या खोकल्याने लोक हैराण झाले. रोजे आहेत म्हणून ताप अंगावर काढू नका. आजारी माणसाला रोजा पुढे ठेवण्याची सवलत दीननेच दिली आहे. विषाणूच्या तापावर मनानेच अँटिबायोटिक घेऊ नका. इफ्तारपासून सेहरीपर्यंत थोडे थोडे करून भरपूर पाणी प्या. गच्चीवरच्या टाक्या, कुंड्या, टायर यांत साचलेले पावसाचे पाणी ओतून टाका. घरातील वृद्ध अम्मी-अब्बू आणि दम्याचे रुग्ण यांच्याकडे विशेष लक्ष असू द्या.

वीज कडाडू लागली की झाडाखाली उभे राहू नका. पक्क्या घरात जा. शेतात असाल आणि आसरा नसेल तर पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, आडवे झोपू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी नावाचे ॲप मोबाइलवर घेतले तर जवळपास वीज पडण्याचा इशारा आधी मिळतो. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांच्या घरी हे ॲप असायलाच हवे. विजेने मृत्यू झाला तर वारसांना चार लाख रुपयांची सरकारी मदत आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

उश्र, जकात आणि यंदाचा हिशेब

आपल्यातील बरेच लोक शेतीच्या उत्पन्नावर उश्र काढतात. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा आणि मेहनत-खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा हिस्सा, हा त्याचा सर्वसाधारण नियम. जे पीक हाती येण्यापूर्वीच आपत्तीने गेले, त्यावर उश्र नाही. हाती आले तेवढ्यावर आहे. बारकावे आपल्या भागातील आलिमांना विचारून घ्यावेत. पण एक गोष्ट विचारायची गरज नाही : ज्याचे पीक वाचले त्याने यंदा हात आखडता घेऊ नये.

जकात बहुतेक घरांत रमजानमध्ये निघते. दरवर्षी ती ठरलेल्या दारांवर जाते, बाहेरगावच्या पावत्या येतात, त्यांनाही दिली जाते. ते बंद करा असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की यंदा देण्याआधी आपल्याच गल्लीत एक चक्कर मारा. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे, हे सूरह तौबाने स्पष्ट केले आहे. गेल्या महिन्यात मिरचीपायी, केळीपायी, पपईपायी कर्जात गेलेला माणूस हात पसरणारा नसतो. तो पांढरे कपडे घालून आपल्या शेजारी तरावीहला उभा असतो. त्याची पत्नी शेजारणीला सांगते, की यंदा आम्ही कपडे जरा साधेच घेणार आहोत. ऐकणाऱ्याने यातून समजून घ्यायचे असते.

आणि मदत म्हणजे जकातच नव्हे. आपले कोणाकडे उसने असेल तर मुदत वाढवा. तंगीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्यावी, ही तर कुरआनची शिकवण आहे. घरमालक असाल तर एका महिन्याच्या भाड्यासाठी थांबा. दुकानदार असाल तर उधारीची आठवण ईदनंतर करा. पथारीवरच्या मजुराची बाकी असेल तर ती ईदच्या आधी चुकती करा. सदका आणि शेजारधर्माला तर कोणाचा धर्म विचारायचा नसतो. पथारीवर एकाच ताडपत्रीखाली बसलेल्या बायांवर पाऊस सारखाच पडला. डोंगरातून महू घेऊन आलेली बहीणही आपल्याच बाजारात उभी असते. तिच्याशी भावासाठी घासाघीस करताना या महिन्याची आठवण ठेवली तरी पुष्कळ.

एप्रिल लागला तरी आभाळ अजून पुरते निवळलेले नाही. दुपारी ढग दिसले की पथारीवरची माणसे वर पाहतात. इफ्तारच्या वेळी आमच्या दस्तरख्वानावर पपईची फोड असते, केळे असते, भज्यांत लाल तिखट असते. यातली प्रत्येक वस्तू यंदा कोणत्या ना कोणत्या वादळातून वाचून इथवर आली आहे. इफ्तारआधीच्या त्या दोन-चार मिनिटांत, दुआ कबूल होण्याच्या वेळेला, ज्यांच्या हातची मेहनत आपल्या ताटात आहे त्यांच्यासाठीही हात उचलू या. आणि ईदच्या नमाजला जाण्याआधी त्यांच्यापैकी एकाच्या तरी दारात जाऊन येऊ या.